चाळीस वर्षांची मुदत

कारखान्यात एखाद्या कामगाराचा हात यंत्रात सापडला, तर त्याच दिवशी पंचनामा होतो, अपघाताच्या नोंदवहीत त्याचे नाव चढते, प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार असतात, आणि नुकसानभरपाईचा मामला पुढे कितीही रेंगाळला तरी मुळात काही घडले, ही गोष्ट कोणाला नाकारता येत नाही. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने जी इजा होते तिला असा नेमका दिवस नसतो. ज्या काळात तो सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर छातीत उतरतो, त्या काळात माणूस धडधाकट असतो, पाळी संपल्यावर जिने चढून घरी जातो, रविवारी बाजारहाट करतो. आणि ज्या काळात जिन्याच्या मध्यावर थांबून दम घ्यावा लागतो, कोरडा खोकला रात्रभर झोपू देत नाही, त्या काळात कारखाना बंद होऊन त्या जागी निवासी मनोरे उभे राहिलेले असतात, हजेरीपट रद्दीत गेलेले असतात, आणि ज्या मुकादमाच्या हाताखाली काम केले तोही हयात नसतो. इजा आणि रोग यांच्यामध्ये पंधरा, पंचवीस, कधी चाळीस वर्षांचे अंतर पडावे, हे या पदार्थाचे सर्वांत भयंकर लक्षण होय. विष वेळीच ओळखता आले तर त्याचा बंदोबस्त करता येतो. परंतु ज्याचे कारण चार दशकांमागे दडलेले आहे तो रोग वैद्याच्या, मालकाच्या आणि सरकारच्याही दप्तरात भलत्याच नावाने नोंदला जातो, किंवा मुळीच नोंदला जात नाही.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्याशी या विषयाचा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत जो लोहमार्ग आला आणि पुढे कल्याणकडे गेला, त्याच्या दुतर्फा स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत कारखान्यांची जी दाट वस्ती झाली, तिच्यात या खनिजावर थेट पोसलेले उद्योगही होते. ठाण्याच्या वेशीला लागून असलेल्या मुलुंडमध्ये ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे बनविणारा, एव्हरेस्ट या नावाने सर्वपरिचित झालेला कारखाना होता. आणि त्याच मार्गावर घाटकोपर येथे हिंदुस्थान फेरोडो, जी पुढे हिंदुस्थान कॉम्पोझिट्स या नावाने ओळखली जाऊ लागली, ती कंपनी वाहनांच्या ब्रेकची अस्तरे बनवीत असे. या भागातील कारखान्यांत राबणारा कामगार मुंबईतील जागेचे भाडे परवडत नाही म्हणून कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर येथील चाळींत राही आणि पहाटेच्या गाडीने कामावर रुजू होई. त्याखेरीज ज्यांच्या दारावरच्या पाटीत ॲस्बेस्टॉसचा उल्लेखही नव्हता अशा कारखान्यांतही, म्हणजे जेथे जेथे बाष्पके, भट्ट्या आणि वाफेचे नळ होते तेथे तेथे, उष्णता राखण्यासाठी या तंतूच्या गाद्या, दोर आणि लेप वापरण्याचा त्या काळी जगभर प्रघात होता. त्या नळांवरचे जुने वेष्टन खरवडून नवे बसविणारा फिटर आणि त्याचा मदतनीस यांच्या अंगावर जी पांढरी भुकटी उडे, तिला कोणी धोका समजत नसे.

हा पदार्थ म्हणजे रसायनशाळेत निर्माण झालेले द्रव्य नसून खडकात तंतूंच्या रूपाने सापडणारे खनिज आहे. त्याच्या पांढऱ्या जातीला क्रायसोटाइल म्हणतात, तपकिरी जात अमोसाइट आणि निळी जात क्रॉसिडोलाइट. आज जो व्यापार चालतो तो जवळजवळ संपूर्णपणे पांढऱ्या जातीचा. तो जळत नाही, कुजत नाही, विजेला अडवितो, कापसासारखा कातता आणि विणता येतो, आणि सिमेंटमध्ये कालविला असता पातळ पत्र्यालाही बळकटी देतो. इतके गुण एका ठिकाणी, आणि तेही स्वस्तात, दुसऱ्या कोणत्याही पदार्थात सापडत नसल्यामुळे विसाव्या शतकातील अभियंत्यांनी त्याला डोक्यावर घेतले, यात नवल नाही. परंतु जो टिकाऊपणा छपराला वरदान ठरला तोच फुफ्फुसाला शाप ठरला. या तंतूचा स्वभाव उभा चिरत जाण्याचा आहे. एकाचे दोन, दोनाचे चार असे होत होत तो मानवी केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी बारीक होतो, डोळ्यांना दिसत नाही, नाकाला जाणवत नाही, तासन् तास हवेत तरंगत राहतो, आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या अगदी शेवटच्या वायुकोशापर्यंत पोहोचतो.

तेथे शरीराच्या रक्षक पेशी त्याला गिळून टाकण्याचा प्रयत्न करतात. साध्या धुळीचा कण असता तर त्या पेशीने तो पोटात घेऊन बाहेर नेला असता. परंतु हा तंतू पेशीच्या लांबीपेक्षाही लांब असल्यामुळे ती त्याला पुरती वेढू शकत नाही, त्या धडपडीत स्वतः मरते, मरताना दाहक द्रव्ये सोडते, आणि तिच्या जागी दुसरी पेशी येऊन तोच निष्फळ प्रयत्न पुन्हा करते. हा झगडा वर्षानुवर्षे चालू राहिला की त्या ठिकाणी व्रणासारखी कठीण ऊती तयार होते, फुफ्फुसाचा खालचा भाग हळूहळू आपले लवचीकपण गमावतो, आणि प्राणवायू रक्तात जाण्याचा मार्ग अरुंद होत जातो. यालाच ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. हा रोग कर्करोग नव्हे. परंतु तो बरा होत नाही, धुळीचे काम सुटल्यावरही वाढत जाऊ शकतो, आणि त्याच्यावर आजही उलट फिरविणारे औषध नाही. दुसरा परिणाम फुफ्फुसाच्या आवरणावर होतो. तेथे चकत्या उमटतात, त्या बहुधा त्रास देत नाहीत, परंतु या माणसाच्या छातीत ॲस्बेस्टॉस गेलेला आहे याची ती न पुसणारी मोहोर असते. तिसरा परिणाम फुफ्फुसाचा कर्करोग. आणि चौथा, ज्याचे नावही आपल्याकडील बहुसंख्य लोकांनी ऐकलेले नसते, तो मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा उदराच्या पातळ आवरणाचा कर्करोग; हा इतर कारणांनी क्वचितच होतो, तंतूशी संबंध आल्यानंतर बहुधा तीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतो, आणि एकदा प्रकट झाल्यावर बहुतेक रोग्यांच्या हाती वर्ष-दीड वर्षाहून अधिक काळ ठेवीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सर्व जातींना, पांढऱ्या जातीसकट, मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरविलेले आहे, आणि स्वरयंत्राचा व स्त्रियांच्या अंडाशयाचा कर्करोगही या यादीत घातलेला आहे.

विडी-सिगारेटचा येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे, कारण आपल्याकडे धुळीचे काम आणि विडी ही जोडी सनातन आहे. अमेरिकेतील उष्णतारोधक काम करणाऱ्या कामगारांचा जो दीर्घ अभ्यास डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ आणि त्यांचे सहकारी यांनी केला, त्याचे १९७९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते: धूम्रपान न करणाऱ्या आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध न आलेल्या माणसाच्या तुलनेत, फक्त ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा संभव सुमारे ५ पट, फक्त धूम्रपान करणाऱ्याला सुमारे ११ पट, आणि दोन्ही करणाऱ्याला सुमारे ५३ पट. म्हणजे येथे दोन धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. याचा अर्थ विडी ओढणाऱ्या कामगारावर दोष ढकलून मालकाने मोकळे व्हावे असा मुळीच नाही, तो युक्तिवाद न्यायालयांत पुष्कळदा झालेला आहे आणि तो निंद्य आहे. परंतु ज्याने तरुणपणी या धुळीत काम केले आहे त्याने आज साठाव्या वर्षी विडी सोडली तरी कर्करोगाचा धोका खरोखर कमी होतो, एवढी एक आशेची गोष्ट त्याच्या स्वतःच्या हातात आहे.

हे ज्ञान नवे असते, तर आपल्याकडील अनास्थेला काही क्षमा करता आली असती. परंतु इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात टर्नर ब्रदर्स या ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत काम केलेली नेली कर्शॉ नावाची स्त्री १९२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, फुफ्फुसे निकामी होऊन मरण पावली. तिची तपासणी करणाऱ्या डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुफ्फुसांत सापडलेले खनिजाचे कण ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जाहीर केले. आणि कंपनीने तिच्या आजाराची जबाबदारी नाकारून भरपाई देण्याचे साफ टाळले. १९३० साली मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, १९३१ साली तेथे धूळनियंत्रणाचे नियम झाले, १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी त्याच रॉचडेलच्या कामगारांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण सिद्ध केले, आणि १९६० साली वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनी दक्षिण आफ्रिकेतील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणप्रदेशातून मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण जगापुढे मांडले, ज्यांपैकी कित्येकांनी खाणीत कधी कामच केलेले नव्हते, ते केवळ त्या परिसरात लहानाचे मोठे झाले होते. आता ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्समधून उभा राहिलेला टर्नर अँड न्यूऑल हा जो उद्योगसमूह, त्याच्याच भांडवलाचा आणि तंत्रज्ञानाचा हात मुलुंड आणि घाटकोपर या दोन्ही ठिकाणच्या उद्योगांच्या मुळाशी होता. तंत्रज्ञान समुद्र ओलांडून आले. रॉचडेलच्या कामगारांचे शवविच्छेदन अहवाल मात्र आमच्या कामगारांच्या हाती कोणी दिले नाहीत.

ते अहवाल इकडे नव्याने लिहावे लागले. कामगार संघटनांच्या सहकार्याने मुंबईत उभे राहिलेले ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर आणि शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाशी संबंधित शल्यविशारद डॉ. व्ही. मुरलीधर यांनी विजय कान्हेरे यांच्यासमवेत मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांची तपासणी केली. व्यवसायाचा पूर्वेतिहास, क्ष-किरण चित्र, श्वसनक्षमतेची चाचणी अशा रीतसर पद्धतीने झालेल्या त्या पाहणीचा निबंध २००५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यात पाच कामगारांत एकाहून अधिक प्रमाणात ॲस्बेस्टॉसिस आढळल्याचे दिसून आले. ज्या देशात हा रोग जवळजवळ नाहीच असे सांगितले जात होते, त्या देशातील एका कारखान्याच्या फाटकातून हे प्रमाण निघाले. रोग नव्हता असे नव्हे. त्याला शोधणारा नव्हता.

शोधणारा नसण्याचे एक कारण आपल्या वैद्यकीय व्यवहारात आहे, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे दीर्घकाळ खोकला, दम आणि वजनातली घट घेऊन एखादा वृद्ध कामगार दवाखान्यात आला, की डॉक्टरांच्या मनात पहिला संशय क्षयाचा येतो. आणि क्षयाचा सुळसुळाट पाहता तो येणे स्वाभाविकही आहे. परंतु थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी क्षयाची औषधे सुरू होतात. सहा महिने, नऊ महिने ती पोटात जातात, दम कमी होत नाही, आणि मग रोग्यालाच औषधे नीट घेतली नाहीत म्हणून बोल लावला जातो. वस्तुतः प्रौढ माणसातील क्षय बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात बसतो आणि ॲस्बेस्टॉसिस दोन्ही बाजूंच्या तळाशी. पाठीला खालच्या बाजूस नळी लावली असता श्वास घेताना बारीक करकर ऐकू येते. बोटांची टोके कधी कधी फुगून गोल होतात. ही लक्षणे पाठ्यपुस्तकात आहेत. न विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: तुम्ही तरुणपणी कोठे आणि कोणते काम करीत होता? सध्या काय करता, असा प्रश्न विचारला तर उत्तर येते, सोसायटीत वॉचमन आहे, किंवा घरीच असतो. आणि वीस वर्षे ज्या खात्यात तंतूची पोती फोडली ते खाते केसपेपरवर येतच नाही. मेसोथेलिओमाच्या बाबतीत तर ऊतीचा तुकडा काढून त्यावर विशेष रंजकद्रव्यांच्या चाचण्या केल्यावाचून निदानच पक्के होत नाही. ती सोय आणि तो खर्च जेथे नाही तेथे छातीत पाणी झाले, एवढ्यावर प्रकरण संपते.

हा काळाचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र अचूक ओळखला होता. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेने ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी केलेल्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला, आणि हुकूम केला की ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कारखान्याने प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर अथवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जतन करावी. ज्यांना अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायआरोग्य संस्थेकडून रोग असल्याचे निश्चित होईल त्यांना एक लाख रुपये भरपाई द्यावी, असेही त्यात होते. माझ्या मते या निकालातील सर्वांत मोलाची ओळ भरपाईच्या रकमेची नसून त्या ४० वर्षांची आहे, कारण तिच्यात न्यायासनाने रोगाच्या कालगणनेला दप्तराच्या कालगणनेपेक्षा श्रेष्ठ मानले. परंतु हुकूम आणि अंमलबजावणी यांत जे अंतर पडते ते येथेही पडले. कारखाना विकला जातो, यंत्रे भंगारात जातात, जमीन विकासकाकडे जाते. त्या उलथापालथीत आरोग्याच्या नोंदवह्या कोणाच्या ताब्यात राहाव्यात, याची चौकशी कामगाराच्या बाजूने करणारा कोणी नसतो. आणि ज्यांची नोंद मुळात झालीच नाही त्या कंत्राटी मजुरांना ४० वर्षांची मुदत तरी काय उपयोगाची? पोती वाहणे, छाटण झाडणे, धूळ गोळा करणे ही सर्वांत घाणेरडी कामे आपल्याकडे बहुतेक ठेकेदाराच्या माणसांकडून करून घेतली जातात.

धूळ कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांत कारखान्याचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रिया निघाल्या. त्यांचा अपराध एवढाच की त्यांनी कामगारांचे कपडे झटकून धुतले होते. आपल्याकडील चाळीच्या दहा-बाय-बाराच्या खोलीत, जेथे कामाचे कपडे, चूल आणि पाळणा यांच्यामध्ये चार पावलांचेही अंतर नसते, तेथे या गोष्टीचा अर्थ काय होतो, हे वाचकांना निराळे सांगावयास नको. इटलीतील कासाले मोन्फेरातो या गावात १९०७ ते १९८६ पर्यंत ॲस्बेस्टॉस सिमेंटचा कारखाना चालला. तो बंद झाल्यावरही गावातील लोक मेसोथेलिओमाने दगावत राहिले, आणि त्यांत कारखान्याशी काहीही संबंध नसलेले शिक्षक, दुकानदार, गृहिणी असे सर्व होते. जपानमधील अमागासाकी येथे २००५ साली हेच उघडकीस आले. म्हणून मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या कामगारांची यादी करावयाची झाल्यास तीत त्यांच्या बायकामुलांचाही समावेश असला पाहिजे.

आता छपराकडे वळू, कारण बहुसंख्य वाचकांचा ॲस्बेस्टॉसशी जो प्रत्यक्ष संबंध आहे तो छपराचा. वागळे इस्टेटमधील आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील जुन्या शेड, कळवा-मुंब्र्याच्या टेकडीवरील घरे, उल्हासनगरच्या जुन्या छावण्यांतील वाढीव खोल्या, कित्येक शाळा आणि गाईगुरांचे गोठे यांवर करड्या रंगाचा पन्हळी सिमेंटचा पत्रा आहे. त्याच्या वजनात सुमारे आठ-दहा टक्के ॲस्बेस्टॉस असतो. अशा पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाने उद्यापासून घाबरून घर सोडावे असे नाही. पत्रा अखंड आहे, रंगविलेला आहे, त्याला कोणी छेडीत नाही, तोवर त्यातून सुटणारे तंतू फार थोडे असतात, आणि वीस वर्षे कारखान्यात पोती फोडणाऱ्याचा धोका आणि या घरात राहणाऱ्याचा धोका एका मापाने मोजणे चुकीचे ठरेल. परंतु सुरक्षित अशी किमान मर्यादा कोणी दाखविलेली नाही, हेही तितकेच खरे. आणि कोकणपट्टीच्या पावसात तीस-तीस वर्षे भिजलेल्या पत्र्याच्या वरच्या थरातील सिमेंट झिजून तंतू उघडे पडतात. खरा धोका निर्माण होतो तो माणसाच्या हाताने. मे महिन्यात पावसाच्या तयारीसाठी शेवाळे काढावयाचे म्हणून तारेच्या ब्रशने पत्रा घासणे, विजेच्या करवतीने तो कापणे, डिशचा खांब बसविण्यासाठी त्याला भोके पाडणे, आणि घर पाडताना हातोडीने त्याचे तुकडे करून वरून खाली फेकणे, या चार कामांत क्षणार्धात जेवढे तंतू उडतात तेवढे शांत पडून असलेल्या पत्र्यातून वर्षांतही उडत नाहीत. जुन्या पत्र्यावर चढलेल्या मजुराच्या पायाखाली तो फुटून मजूर खाली कोसळतो, हा आणखी एक निराळाच धोका, आणि त्याला चाळीस वर्षांची वाट पाहावी लागत नाही.

ठाणे शहरात आज सर्वत्र पुनर्विकास चालू आहे. बैठ्या चाळी, शेड, कारखाने जमीनदोस्त होऊन मनोरे उठत आहेत, आणि त्यांचा राडारोडा रात्रीच्या वेळी खाडीकिनाऱ्यावरील खारफुटीत किंवा रस्त्याच्या भरावात टाकला जातो, अशा तक्रारी वर्तमानपत्रांत नित्य येतात. त्या राडारोड्यात पत्र्याचे तुकडे असतात, मुले त्यांवर खेळतात, आणि भंगारवाला उरलासुरला पत्रा अर्ध्या किमतीत दुसऱ्या झोपडीला विकतो. अशा तोडकामाच्या जागी काय करावे हे शास्त्राला ठाऊक आहे आणि ते महागही नाही: पत्रा आधी पाण्याने भिजवावा, तो न फोडता बोल्ट सोडवून अखंड उतरवावा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधावा, तुकडे कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपावेत, काम करणाऱ्याने तोंडाला रुमाल नव्हे तर बारीक तंतू अडविणारा मुखपट वापरावा, आणि कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. घातक कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावणारे केंद्र तळोज्याला आहे, म्हणजे ठाण्याहून दोन तासांच्या आत. ज्या महापालिका बांधकाम परवान्यात वृक्ष, पाणी आणि पार्किंग यांविषयी डझनभर अटी घालतात, त्यांनी तोडकामाच्या परवान्यात या एका अटीची भर घालावी, ही मागणी अवास्तव नाही.

रस्त्याकडेच्या गॅरेजांचाही विचार केला पाहिजे. ब्रेकच्या जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस सर्रास असे, आणि स्वस्त मालात तो अजूनही आढळू शकतो. ड्रम उघडला की आत साचलेली काळी भुकटी हवेच्या नळीने फुंकून उडविण्याची आपल्याकडे सवय आहे. कल्याण-भिवंडी रस्त्यावर ट्रकांखाली वाकलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हे काम दिवसातून कित्येकदा करतो. त्याला दम लागेल तेव्हा तो पन्नाशीचा असेल. ओल्या फडक्याने पुसण्यास फार तर पाच मिनिटे अधिक लागतात.

जगातील साठांहून अधिक देशांनी या तंतूचा वापर बंद केलेला आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस, युरोपीय संघाने २००५ मध्ये, कॅनडाने २०१८ मध्ये संपूर्ण बंदी घातली. कॅनडातील ज्या गावाचे नावच ॲस्बेस्टॉस होते त्याने २०२० साली आपले नाव बदलून घेतले. आपण १९८६ पासून नव्या खाणींचे परवाने थांबविले, परंतु आयात चालूच ठेवली, आणि आज दरवर्षी तीन लाख टनांहून अधिक ॲस्बेस्टॉस, मुख्यतः रशिया, कझाकस्तान आणि ब्राझील येथून, आपल्या बंदरांत उतरतो; ज्या ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्वदेशात त्याच्या वापरावर बंदी घातली, त्याच देशाच्या खाणीतील माल आपल्याकडे आलेला आहे. घातक द्रव्यांविषयीच्या रॉटरडॅम करारात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची नोंद व्हावी, म्हणजे निदान आयात करणाऱ्या देशाला पूर्वसूचना मिळावी, हा साधा प्रस्तावही वर्षानुवर्षे अडविणाऱ्या देशांत आपले नाव राहिले, ही खेदाची गोष्ट आहे. पांढरा तंतू नियंत्रित वापरात निर्धोक आहे, असे उद्योगाचे म्हणणे असते. कारखान्याच्या चार भिंतींत, ओल्या प्रक्रियेत, काही अंशी नियंत्रण शक्य असेलही. परंतु पत्रा कारखान्यातून बाहेर पडल्यावर तो नाक्यावरच्या सुताराच्या करवतीखाली येतो, आणि तेथे कोणते नियंत्रण असते हे आपण सर्वच जाणतो. गरिबाला स्वस्त छप्पर हवे, हा युक्तिवाद मात्र खरा आणि वजनदार आहे, आणि त्याला उत्तर केवळ बंदीने मिळणार नाही. ॲस्बेस्टॉसविरहित तंतुसिमेंटचे पत्रे तयार होतात, त्यांची किंमत खाली आणणे हे सरकारचे काम आहे.

ज्यांनी मुलुंड, घाटकोपर किंवा अन्यत्र या धुळीत काम केले, त्यांच्यापैकी जे हयात आहेत ते आज साठी-सत्तरीचे आहेत. त्यांच्यासाठी हा विषय पुढच्या धोरणाचा नसून आजच्या कागदपत्रांचा आहे. नियुक्तिपत्र, पगाराच्या पावत्या, कारखान्याचे ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब, कर्मचारी राज्य विमा योजनेचा क्रमांक, यांतील जे जे घरात सापडेल ते एका पिशवीत ठेवावे. कोणत्या खात्यात, किती वर्षे, कोणाबरोबर काम केले हे सांगणाऱ्या दोन-तीन सहकाऱ्यांची नावे त्याच पिशवीत लिहून ठेवावीत. आणि छातीचे जुने क्ष-किरण चित्र कधीही फेकू नये, कारण दहा वर्षांपूर्वीच्या चित्राशी आजचे चित्र ताडून पाहता आले तर डॉक्टरांचे काम निम्मे सोपे होते. दवाखान्यात गेल्यावर आपण होऊन सांगावे, की मी ॲस्बेस्टॉसमध्ये काम केले आहे, आणि हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्यावे. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्याव्यात, कारण आधीच आकसलेल्या फुफ्फुसाला साधा संसर्गही झेपत नाही. ॲस्बेस्टॉसिस आणि ॲस्बेस्टॉसजन्य कर्करोग हे दोन्ही कायद्याने व्यवसायजन्य रोग म्हणून नमूद केलेले आहेत, म्हणजे रोग सिद्ध झाल्यास तो कामावरील अपघातासारखा धरला जातो, आणि विमा असलेला कामगार दगावल्यास त्याच्यावर अवलंबून असलेल्यांनाही लाभ मागता येतो. मात्र पुष्कळ घरांत मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून नुसते हृदयक्रिया बंद पडली असे लिहिले जाते, आणि त्या एका ओळीने विधवेचा दावा आरंभीच लंगडा होतो. तेव्हा दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरांपुढे ती पिशवी, ऊतीच्या तपासणीचा अहवाल असल्यास त्यासह, दाखला लिहिण्यापूर्वी ठेवावी.